सोयऱ्यांना विचारून

(सातिवली येथील हरिनाम सप्ताहात झालेल्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणावरून. बोललेले शब्द शक्य तितके तसेच ठेवले आहेत.)



सप्ताहाचा आज पाचवा दिवस. मंडप भरलेला आहे, बाहेर पाऊस लागलेला आहे, आणि मघाशी येताना रस्त्यावर पोटरीभर पाणी होतं. मंडळातले एक माउली म्हणाले, "महाराज, जरा थांबा, पाणी ओसरू द्या." मी म्हटलं, "ओसरायला त्याला जागा कुठे ठेवलीय आपण?" ते हसले, मीही हसलो. पण हसण्यासारखं ते नव्हतं. म्हणून सेवेला अभंग ठरला होता तोच ठेवतो. निरूपण मात्र त्या पोटरीभर पाण्याच्या बाजूने करतो.

अभंग तुकोबारायांचा. टाळकऱ्यांनी आत्ताच म्हटला. लहान लेकरालाही पाठ आहे. त्यात महाराज रानातल्या झाडांना, वेलींना एक नातं लावतात. कोणतं? (श्रोते : सोयरे!) हां. सोयरे.

आता इथे जरा थांबा. महाराजांनी भाऊबंद का नाही म्हटलं? आपल्यात भाऊबंद वेगळे आणि सोयरे वेगळे. भाऊबंद जन्माने मिळतात, त्यात आपलं काही चालत नाही. आणि भाऊबंदांशी आपलं काय होतं ते मी सांगायला नको. हातभर बांधावरून तीन पिढ्या कोर्टात! सोयरा जन्माने मिळत नाही. सोयरीक जुळवावी लागते. कोणीतरी मध्ये पडतं, पाहुणे येतात, पोहे होतात, बोलणी होतात, आणि दोन अनोळखी घरं एकमेकांची होतात. म्हणजे सोयरीक ही केलेली गोष्ट आहे, केली तर होणारी गोष्ट आहे.

हे मी का सांगतो? या मंडपात निम्मे लोक सातिवलीत जन्मलेले नाहीत. कोणी कोकणातून आलं, कोणी घाटावरून, कोणी खानदेशातून, कोणी पार उत्तरेतून. गाळ्यांमध्ये कामाला आले, चाळीत राहिले, इथलेच झाले. त्यांना वाटतं, हा डोंगर, हा ओढा गाववाल्यांचा. आपला काय संबंध? माउली, तुम्ही जन्माने भाऊबंद नसाल. सोयरे व्हायला तुम्हाला कोणी अडवलंय?

आणि सोयऱ्याचा दुसरा नियम. घरात कार्य निघालं की सोयऱ्याला कधी विचारतात? तारीख धरायच्या आधी. सगळं ठरवून, मांडव घालून, नुसती पत्रिका पाठवली तर काय होतं? रुसतो. येतो, पण तोंड फिरवून बसतो, आणि जेवताना काहीतरी काढतोच.

आपण गाव वाढवायचं कार्य काढलं. रस्ता काढला, गाळे काढले, चाळी उठल्या, इमारती उठल्या. ओढ्याला विचारलं? डोंगराला विचारलं? नाही विचारलं. मग तो आज मांडवात आलाच. पोटरीभर आला. (हशा) हसा, हसा. पण चपला उचलून वर ठेवा.

कोणी म्हणेल, महाराज, ओढ्याला कसं विचारायचं, तो बोलतो का? तो बोलत नाही. त्याच्या वतीने त्याचा सोयरा बोलतो. जो त्याच्या काठी वाढला, ज्याला माहीत आहे की आषाढात पाणी कुठवर चढतं आणि चैत्रात कुठे डबकं उरतं, तो बोलतो. सरकारच्या भाषेत याला नियोजन म्हणतात. संतांच्या भाषेत याला लळा म्हणतात. आजच्या निरूपणाचं एवढंच सार आहे : जिथे लळ्याने तोंड उघडलं तिथे नियोजन सुधारलं, जिथे लळा मनातल्या मनात राहिला तिथे पाणी बोललं.

दाखला लांबचा नको, महाराजांच्याच घरचा घेऊ. देहूच्या आसपासचे भंडारा, भामचंद्र हे डोंगर तुकोबारायांच्या चिंतनाच्या जागा. महाराज हिमालयात गेले नाहीत. घरापासून चालत जाता येईल असा डोंगर त्यांनी धरला. जवळचा. २००८ साली त्या भामचंद्राच्या परिसरात, शिंदे-वासुलीला, एका परदेशी रसायन कंपनीचं केंद्र उभं राहत होतं. वारकरी उठले. डोंगराचं काय होईल, इंद्रायणीच्या पाण्याचं काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता. त्या आंदोलनात जाळपोळही झाली. ती वारकऱ्याला शोभत नाही, हे मी इथे स्पष्ट म्हणतो. पण पुढे ते केंद्र तिथे झालं नाही. कागदावर सगळं ठरलेलं होतं, तरी डोंगरावरच्या लळ्याने ते बदललं.

आता आपल्या वसईत या. रुळाच्या पलीकडे पश्चिमेला जा. नाळा, निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, आगाशी. आपण कार्तिकात निर्मळच्या यात्रेला जातो तेव्हा दोन्ही बाजूंना काय लागतं? केळीच्या, फुलांच्या वाड्या आणि पानाचे मळे. तिथलंच राजेळी केळं उन्हात वाळवून सुकेळी होते. तिथलीच फुलं पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जातात आणि तिथून देवाच्या गळ्यात. आज विठुरायाला घातलेला हारही कदाचित तिकडचाच असेल.

ही हिरवी वसई आपोआप राहिलेली नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी हा पट्टा बांधकामाला खुला करायचं घाटत होतं. १९९० साली वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडको विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून आली. त्याच काळात टँकर वाड्यांतल्या विहिरींचं गोडं पाणी उपसून नव्या इमारतींना नेत होते आणि समुद्राचं खारं पाणी खालून विहिरीत शिरत होतं. तेव्हा लोक उभे राहिले. हरित वसई संरक्षण समिती झाली. पुढे कोण होते? फादर फ्रान्सिस दिब्रिटो. चर्चचे धर्मगुरू, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक. हेच पुढे २०२०च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४च्या जुलैत देवाघरी गेले. त्यांच्याबरोबर ख्रिस्ती होते, हिंदू होते. मोर्चे निघाले, सभा झाल्या, निवेदनं गेली. धमक्या आल्या, तरी माणसं हटली नाहीत. सगळं वाचलं का? नाही वाचलं. पण पश्चिम पट्ट्याचा बराच भाग आजही आराखड्यात हरित म्हणून आहे, तो त्या माणसांमुळे.

माउली, हे मी वारकऱ्यांच्या फडावरून मुद्दाम सांगतो. ज्याने पाणी राखलं त्याला आपण जात-धर्म विचारत नाही. विहिरीने विचारला होता का?

आता एक कबुली देतो. व्यासपीठावर बसून दुसऱ्यांचे दोष सांगणं सोपं असतं. माझं मूळ घर तिकडचंच, वाडीतलं. आमच्या वाडीत बावखल होतं. इकडच्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं तळं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं, विहिरीला गोडवा देतं आणि खालून येणारं खारं पाणी मागे रेटतं. आजोबांनी त्यावर बाग जगवली. आम्ही पोरं त्यातच पोहायला शिकलो.

पुढे घरं वाढली, भावाभावांच्या वाटण्या झाल्या. बावखल माझ्या वाट्याला आलं. सगळे म्हणाले, नुसता खड्डा, डास होतात, भर टाक, दोन खोल्या उठतील. मी तेव्हाही कीर्तन करत होतो, बरं का! झाडांना सोयरे म्हणणारा अभंग गळ्यात होता. आणि मी डंपर बोलावले. आठ दिवसांत बावखल बुजलं. आई ओट्यावर बसून बघत होती. काही बोलली नाही. फक्त शेवटच्या दिवशी म्हणाली, "आता विहिरीकडे लक्ष ठेव रे."

तीन उन्हाळे गेले. चौथ्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ झालं. तुळशीला घातलं तर तुळस करपायला लागली. आईने तेव्हाही काही म्हटलं नाही. पण मायबापहो, त्या दिवसापासून हा अभंग म्हणताना माझा आवाज अडतो. आज अडला, तुम्ही ऐकलंत. मी सोयऱ्याला न विचारता त्याच्या अंगावर घर बांधलं. (विठ्ठल, विठ्ठल)

म्हणून पुढे जे सांगणार आहे ते तुमच्यावर बोट ठेवायला नाही. ज्याचं पोळलंय तो सांगतोय, एवढं समजा.

आता रुळाच्या अलीकडे, आपल्या सातिवलीत या. आपल्या पाठीशी कोण उभा आहे? तुंगारेश्वर. श्रावणी सोमवारी, महाशिवरात्रीला आपण चालत जातो. ओढे ओलांडतो, पाय ओले होतात, थंड वाटतं, पोरं ओरडतात. त्या रानाला २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित केलं, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं. त्याच्याही कितीतरी आधीपासून पाड्यांवरचे वारली, मल्हार कोळी, कातकरी त्या रानाला धरून आहेत. वारल्यांमध्ये वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते. पावसाळ्यातली रानातली पहिली भाजी देवाला दाखवल्याशिवाय खायची नाही, अशी रीत आहे. आपण त्याला अडाणीपणा म्हणालो. अहो, रानाची भाजी कोवळेपणी कोणी ओरबाडू नये याची ती व्यवस्था होती! कायद्याआधीचा कायदा होता तो.

त्या डोंगरावर पडलेलं पाणी पश्चिमेला उतरतं. ओढ्यांनी गावांतून येतं, रुळांखालच्या मोऱ्यांतून पलीकडे जातं, सखल जमिनीत आणि मिठागरांत पसरतं आणि मग खाडीला मिळतं. ही त्याची वारी आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या वाटेवर कोणी भिंत घातली तर वारी थांबेल का? बाजूच्या शेतातून जाईल. पाणी तेच करतं. जुलै २०१८ आठवतोय ना? नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, गाड्या बंद, कितीतरी वस्त्यांत वीज नाही, मिठागरांवरची माणसं पाण्यात अडकलेली. त्यानंतर महापालिकेने निरी आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांकडून अभ्यास करून घेतला. त्यांनी काय सुचवलं? पाणी थोपवून धरणारे तलाव ठेवा. म्हणजे काय हो? आईने ओट्यावरून जे सांगितलं तेच.

आणि आपली भाषा बघा. शेताच्या सर्व्हे नंबरात ओढा असला तर ती जागा सातबाऱ्यावर कशात लागते? पोटखराब्यात. जो आपलं पोट भरतो त्याला आपण पोटखराबा म्हटलं! कारण त्यातून पीक निघत नाही. ज्यातून पैसा निघत नाही ते खराब, असा हिशेब एकदा बसला की मग भराव टाकायला हात कचरत नाही.

आता कोणी सुशिक्षित माउली म्हणतील, महाराज, आम्ही झाडं लावतो की. पाटीवर ज्ञानेश्वरीतली ओवीसुद्धा लिहितो. नगरं वसवावीत, जलाशय करावेत, मोठी वनं लावावीत. छान. पण ती ओवी माउलींनी कुठे सांगितली, हे पाहिलंत का? चौदाव्या अध्यायात. रजोगुण वाढला की माणसाला काय काय सुचतं, त्या यादीत! रजोगुण चढला की मोठमोठी कामं काढावीशी वाटतात, आरंभावर आरंभ, आणि मन कशानेच तृप्त होत नाही. तिथे आली आहे ती.

मग माउलींचा वनांना विरोध आहे का? छे! ज्या माउलींनी पसायदानात साऱ्या भूतांचं मैत्र मागितलं, ते झाडाला विरोध करतील? माउली एवढंच दाखवतात की काम मोठं आहे म्हणून चांगलं असं नाही; ते कुठून उगवलं ते बघा. डोंगर पोखरून गाळे काढले आणि दारात शंभर कुंड्या मांडल्या, तर तो रजोगुण. ओढ्याकाठचं जुनं उंबराचं झाड राहावं म्हणून रस्ता चार हात वळवला, तर ती सोयरीक. बाहेरून दोन्हीकडे झाडच दिसतं.

घरं नकोत असं मी म्हणत नाही. इथे दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सहा जीव राहतात, मला माहीत आहे. त्यांना चांगलं घर हवंच. पण क्रम चुकवू नका. आधी पाण्याची वाट, मग माणसाची भिंत. उलट केलं की पाणी सगळ्यात आधी त्या गरिबाच्याच खोलीत शिरतं. भराव करणारा वरच्या मजल्यावर असतो.

आता कथा. भागवताचा दशमस्कंध, गोवर्धनाची.

नंदबाबांच्या घरी इंद्राच्या पूजेची धावपळ चालली होती. कृष्ण सात वर्षांचा. विचारतो, "बाबा, हे सगळं कोणासाठी?" नंद म्हणतात, "इंद्रासाठी. तो पाऊस देतो." कृष्ण म्हणतो, "बाबा, आपल्याला ना नगर, ना पेठ. आपण रानात राहणारे. गाई आणि हा डोंगर, हेच आपलं घर. मग पूजा त्याची करू या." बघा, लांबच्या बड्या देवापुढे हात जोडण्यापेक्षा देवाने जवळचा डोंगर दाखवला. जो चारा देतो, पाणी देतो, सावली देतो.

गोकुळाने ऐकलं. मग पहिलं काम काय केलं? अन्न शिजवलं आणि सगळ्यांना वाटलं. ज्यांना गाव बाहेर ठेवायचं त्यांनाही, कुत्र्यालाही. आणि मग गाड्या जुंपून, गाई पुढे घालून, सगळे डोंगराला प्रदक्षिणा घालून आले. म्हातारे, बाया, पोरं, सगळे. डोंगर पायाखालून घातला! ज्याने डोंगर चालून पाहिला त्यालाच कळतं पाणी कुठून उतरतं.

मग इंद्र कोपला. सात दिवस मुसळधार. गोकुळ बुडायची वेळ आली. देवाने डोंगर उचलला, सगळे त्याच्याखाली आले. इथपर्यंत आपण नेहमी सांगतो. गोपांनी काठ्या लावल्या, हेही सांगतो. पण पुढचं वाक्य आपण गाळतो. पाऊस थांबला, लोक बाहेर आले, आणि भगवंताने काय केलं? तो डोंगर पूर्वी होता तसा, त्याच्या जागेवर परत ठेवला!

माउली, डोंगर आपणही उचलतो. मुरूम म्हणून डंपरमध्ये घालून रोज उचलतो. फरक एवढाच की देवाने गाव वाचवायला उचलला आणि जागच्या जागी ठेवला. आपण उचलतो आणि दुसऱ्याच्या ओढ्यात टाकतो. एका दिवसात डोंगरही जातो आणि ओढाही जातो. मग सात दिवसांचा पाऊस आला तर कशाच्या खाली उभे राहणार आहात? (विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल)

आता सेवा संपवतो. पण रिकाम्या हाताने उठू नका. तीन गोष्टी मागतो, नारळ नको.

पहिली. घरी जाऊन गावातल्या जुन्या माणसाला विचारा, आपल्या ओढ्याचं नाव काय. ज्याचं नाव माहीत नाही त्याची सोयरीक कशी होणार? नाव कळलं की वहीत लिहा. पाणी कुठून येतं, कुठे जातं, कुठली विहीर कधी आटते, कुठलं झाड किती जुनं, सगळं लिहा.

दुसरी. प्रदक्षिणा. आपण दिंडी काढतोच. वर्षातून एक दिंडी पाण्याच्या वाटेने काढा, डोंगराच्या पायथ्यापासून रुळापर्यंत. आणि तुंगारेश्वराला जाताना निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओढ्यात सोडायचं आजपासून बंद. महादेवाला बेल चालतो, पिशवी चालत नाही.

तिसरी, आणि हीच खरी. तो लळा कागदावर न्या. आपल्या भागाचा विकास आराखडा २००७ साली मंजूर झाला, तो २०२१ पर्यंतचा. पुढच्या वीस वर्षांचा आराखडा म्हणजे तुमच्या नातवंडांची पत्रिका. १९६६च्या नगररचना कायद्याने प्रारूप आराखडा लोकांपुढे ठेवावा लागतो, ठरावीक मुदतीत हरकती-सूचना लेखी घ्याव्या लागतात, सुनावणी द्यावी लागते. सोयऱ्याला विचारायची ती वेळ असते! त्या दिवशी वही घेऊन जा. नुसतं "निसर्ग वाचवा" लिहू नका, त्याने काही होत नाही. सर्व्हे नंबर लिहा, ओढ्याचं नाव लिहा, पाणी किती चढतं ते लिहा, खाली सह्या करा. गाववाल्यांनी करा, चाळवाल्यांनी करा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याकडून सांगून घ्या. सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत असतं. पश्चिमेच्या लोकांनी लळा कागदावर नेला. आपण तो फुगडीत आणि गाण्यातच ठेवला. एवढाच फरक.

मी माझं बावखल बुजवलं. ते आता परत येत नाही, वर खोल्या आहेत, त्यात माझीच लेकरं झोपतात. म्हणून दरवर्षी पावसाआधी शेजाऱ्याच्या बावखलातला गाळ काढायला मी उतरतो. तेवढंच प्रायश्चित्त माझ्या हातात उरलंय. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. तुमचा ओढा अजून वाहतोय. आत्ता येताना मी तो ऐकला.

पांडुरंग तुम्हाला सुबुद्धी देवो, मलाही देवो. पसायदानाला उभे राहा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय!